संत गाडगे महाराज : तसबिरीतील आणि तसबिरीबाहेरील

आपल्या ज्ञातीत असे घर क्वचितच आढळेल की ज्याच्या बैठकीत संत गाडगे महाराजांची तसबीर टांगलेली नाही. अमरावती, अकोला, दर्यापूर, मुर्तिजापूर, अंजनगाव, कोठेही जावे. इस्त्रीच्या मेजामागील भिंतीवर, देव्हाऱ्याच्या शेजारी, वा नव्या पद्धतीच्या घरांतून दिवाणखान्यात, ही तसबीर आपल्याला भेटतेच. वाढलेली पांढरी दाढी, विस्कटलेले केस, अंगावर निरनिराळ्या चिंध्यांचा जोडून केलेला झगा, हातात काठी किंवा खराटा, आणि सोबत ते मातीचे फुटके गाडगे. पाण्याचे भांडे तेच, जेवणाचे ताट तेच आणि ऊन लागले तर डोक्यावरील टोपीही तेच. ज्या वस्तूवरून ह्या पुरुषाला नाव मिळाले, ती वस्तू कुंभाराच्या दारीही टाकून दिलेली असते.

परंतु ह्या तसबिरीकडे आपण नीट पाहतो काय, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अनेक वेळा पडलेला आहे. रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते. वर्षातून एकदा २३ फेब्रुवारीला तिच्यावरील धूळ पुसावयाची, हार घालावयाचा आणि पुन्हा वर्षभर ती भिंतीच्या हवाली करावयाची, हा आपला क्रम झाला आहे. म्हणून ह्या वर्षीच्या स्मरणिकेत महाराजांचे चरित्र सांगताना त्यांच्या छायाचित्रांपासून आरंभ करावा आणि त्या छायाचित्रांत काय आले आहे व काय यावयाचे राहून गेले आहे, हे वाचकांसमोर ठेवावे असे योजिले आहे.

प्रथमदर्शनीच एक गोष्ट ध्यानात येते. घराघरांतून महाराजांची जी छायाचित्रे दिसतात, ती त्यांच्या उतारवयातील आहेत. कित्येक तर मूळ छायाचित्रेही नव्हेत. छायाचित्रावरून चित्रकाराने रंगविलेली आणि पुढे दिनदर्शिकांवर छापून सर्वत्र पसरलेली ती चित्रे होत. त्यांत झग्याच्या ठिगळांना हिरवा, तांबडा, निळा रंग चढला आहे, आणि दाढी इतकी नीटस केली आहे की जणू न्हाव्याकडून नुकतीच बसवून घेतली असावी. जुन्या कृष्णधवल छायाचित्रात ठिगळांचे रंग कळत नाहीत, हे खरे; परंतु त्यांत कापडाचा जाडेभरडेपणा कळतो, शिवणीचे दोरे कळतात, आणि उन्हातान्हात हिंडलेल्या कातडीवरील सुरकुत्या कळतात. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हा त्यांचा अलंकार रंगीत चित्रांतून बहुधा गळून पडला आहे. रंगविणाराला तो शोभेसा वाटला नसावा.

आता जे छायाचित्रात नाही, त्याकडे वळू.

महाराजांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील, आजच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी, वडिलांचे झिंगराजी, आईचे सखुबाई, आडनाव जानोरकर. त्या काळी छायाचित्रणाची कला हिंदुस्थानात अपरिचित राहिली नव्हती. युरोपात १८३९ साली ती जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची स्वतंत्र संस्थाही निघाली. वऱ्हाडच्या कापसाने आगगाडी अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत ओढून नेली, ती १८६७ मध्ये. म्हणजे डेबूजी पाळण्यात असताना कॅमेरा ह्या देशात येऊन एक पिढी लोटली होती; परंतु शेंडगावच्या परटाच्या, अथवा आपण वऱ्हाडात म्हणतो तसे वरठ्याच्या, झोपडीपर्यंत तो पोचण्याचे काही कारण नव्हते. काचेच्या पट्ट्या, रसायने, काळे कापड आणि तिपाई घेऊन जो छायाचित्रकार हिंडे, तो राजेरजवाड्यांकडे, साहेबलोकांकडे आणि फार तर वकील-सावकारांच्या वाड्यावर जाई.

आमच्यासारख्यांच्या वाट्याला त्या काळी कॅमेरा आला तो निराळ्याच वाटेने. सरकारने १८६८ ते १८७५ ह्या काळात हिंदुस्थानातील लोकांची छायाचित्रे असलेले एक आठ खंडांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पीपल ऑफ इंडिया हे त्याचे नाव. त्यात शेकडो माणसे उभी किंवा बसलेली आहेत; परंतु खाली बहुशः जातीचे वा जमातीचे नाव आहे, माणसाचे नाही. ज्याची छबी घेतली, त्याला कोणी नाव विचारले नाही, की विचारूनही ते लिहावेसे वाटले नाही, कोण जाणे. ह्याच्या उलट गाडगे महाराजांनी पुढे जन्मभर आपली जात सांगण्याचे टाळले. कोणी विचारलेच तर ते प्रश्नालाच बगल देत, आणि कित्येक गावी त्यांना नाना जातींचे समजण्यात आले. ह्या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते.

झिंगराजी दारूच्या आहारी गेले होते. घरातील किडुकमिडुक त्या व्यसनात गेले आणि १८८४ च्या सुमारास त्यातच त्यांचा अंत झाला. त्या वेळी डेबूजी जेमतेम आठ वर्षांचा होता. सखुबाई पोराला घेऊन अकोला जिल्ह्यातील मुर्तिजापूर तालुक्यात, दापुरे येथे माहेरी आली. भाऊ चंद्रभान ह्याच्या घरी शेती होती. डेबूजी गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, आणि घरच्या धंद्याप्रमाणे नदीवर कपडेही धुऊ लागला. शाळेचे तोंड त्याने पाहिले नाही. जी काही विद्या झाली ती रात्री गावातील भजनाच्या मेळ्यात झाली; आणि शेतीचे काम तो असे करी की गावातील कसलेल्या कुणब्यांनीही त्याच्याकडून शिकावे.

सखुबाईचे एखादे छायाचित्र असते तर, असे अनेकदा मनात येते. विधवा होऊन भावाच्या दारी परत आलेली, हाताला रेहूचे चट्टे पडलेली ती माउली कशी दिसत असेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही. तिची छबी नाही, झिंगराजीची नाही, मामाची नाही. महाराजांच्या आयुष्याची पहिली तीसेक वर्षे अशी केवळ लोकांच्या तोंडी राहिली; आणि ज्यांच्या तोंडी राहिली ते वृद्ध दापुऱ्याचे व शेंडगावचे लोक आता केव्हाच निघून गेले आहेत. केशव सीताराम ठाकरे ह्यांनी १९५२ साली, महाराज हयात असतानाच, त्यांचे चरित्र लिहिले, म्हणून ह्या काळाविषयी आपल्याला निदान एवढे तरी ठाऊक आहे.

येथे जरा विषयांतर करण्याची अनुज्ञा असावी. जुन्या काळची छायाचित्रे पाहताना आमच्या धंद्याच्या माणसाची नजर चेहऱ्याआधी कपड्यावर जाते. डिसेंबर १८९७ मध्ये अमरावतीस राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन भरले. अध्यक्ष शंकरन् नायर होते. त्या काळच्या पुढारी मंडळींच्या ज्या तसबिरी जुन्या वाड्यांतून दिसतात, त्या डोळ्यांपुढे आणाव्यात. पांढरेशुभ्र अंगरखे, खळ दिलेली धोतरे, पागोट्यांच्या चापून बसविलेल्या घड्या, उपरण्याच्या काठोकाठ निऱ्या! ह्या सर्व शुभ्रतेमागे पहाटे भट्टी लावणारा, पापडखारात कपडे भिजविणारा, नदीच्या खडकावर ते आपटणारा आणि निखाऱ्यांची इस्त्री फिरविणारा एक वरठी आहे. तो छायाचित्रात कोठेही नाही, परंतु छायाचित्र जे काही दाखविते आहे त्यातील अर्धे त्याने केलेले आहे. आणि ह्याच जातीत जन्मलेल्या एका माणसाने पुढे जन्मभर अंगावर चिंध्या घातल्या. दुसऱ्यांचे कपडे उजळणाऱ्या हातांनी त्याने गावांचे रस्ते झाडले. चिंध्यांतील त्या माणसाची तसबीर आज त्याच वाड्यांतून, त्या शुभ्र पागोट्यांच्या शेजारी टांगलेली आढळते.

१८९२ साली डेबूजीचा विवाह कुंताबाईशी झाला. मामाच्या शेतीवर सावकाराचे कर्ज झाले होते; जमीन गेली आणि त्या धक्क्याने मामाही गेला. सावकाराची माणसे शेत ताब्यात घेण्यास आली तेव्हा डेबूजी नांगर सोडून हटला नाही, ही कथा दापुऱ्याच्या परिसरात अजून सांगतात. निरक्षर माणसाला कागदावरचा आकडा कसा बुडवितो, हे त्याने घरातच पाहिले. पुढे कीर्तनांतून कर्ज काढून सण साजरे करू नका, मुलांना शाळेत घाला, असे ते कळवळून सांगत, त्या कळवळ्याचे मूळ येथे आहे.

ह्यानंतरचा प्रसंग मात्र आपल्या ज्ञातीने विशेष लक्षपूर्वक वाचावा, अशी विनंती आहे. डेबूजीला पहिली मुलगी झाली. तिचे नाव आलोका. बारशाच्या जेवणाला जातभाईंना बोलाविणे प्राप्त होते, आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अशा जेवणात मटण आणि दारू असावयाचीच. ती नसेल तर यजमानाची नाचक्की होई आणि पंचमंडळी पानावरून उठण्यास कमी करीत नसत. डेबूजीने पाहुणे बोलाविले, पंगत मांडली आणि पानात गोडाधोडाचे जेवण वाढले. मटण नव्हते, दारूचा थेंब नव्हता. मंडळी संतापली. टोमणे झाले, वाद झाला. परंतु ज्याचा बाप दारूने नेला होता, तो त्या दिवशी बधला नाही.

ह्या बारशाचे छायाचित्र नाही. असते तर त्यात काय दिसले असते? रांगेने बसलेले, तोंडे वाकडी केलेले आपलेच पूर्वज दिसले असते, आणि वाढपी म्हणून कमरेला धोतर खोचलेला एकवीस-बावीस वर्षांचा तरुण दिसला असता. महाराज आपल्या ज्ञातीत जन्मले, एवढ्यावरून ते आपले, असे म्हणण्याचा अधिकार त्यांनीच आपल्याला ठेवलेला नाही. पण त्यांचे पहिले कीर्तन, टाळ-मृदंगावाचूनचे, आपल्याच पंगतीत झाले. त्या नात्याने आपण त्यांचे पहिले श्रोते, आणि त्या वेळी तरी फार वाईट श्रोते. आजही आपल्यातील काही लग्ना-बारशांच्या रात्री, भिंतीवर त्यांची हार घातलेली तसबीर असताना, खालच्या अंगाला काय चालते हे ज्याचे त्याने आठवावे. ते येथे लिहिल्याने कोणास वाईट वाटले तर वाटो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी उत्तररात्री डेबूजी घर सोडून निघाला. मागे आई, पत्नी आणि मुले होती. अंगावर फाटके वस्त्र, हाती काठी आणि गाडगे. वय अठ्ठावीस. पुढील बारा वर्षे तो गावोगाव हिंडत राहिला. गावात शिरताच झाडू घेऊन गटारे, चावडी, देवळाचा परिसर झाडावयाचा. काम झाल्यावर कोणी भाकरी दिली तर गाडग्यात घेऊन खावयाची. गावकऱ्यांनी नमस्कारास वाकावे तोच तेथून निघून जावयाचे. कोठे वेडा म्हणून पोरे मागे लागली, कोठे चोर समजून मारही बसला. नावेही प्रदेशागणिक निराळी झाली. कोणी चिंधेबुवा म्हणत, कोणी गोधडे महाराज. आपल्या वऱ्हाडात गाडगेबुवा हे नाव स्थिर झाले.

पूर्णाकाठचे ऋणमोचन हे ह्या काळातील त्यांचे आवडते ठिकाण. पौषातील रविवारी तेथे यात्रा भरते. स्नान केल्याने माणूस ऋणांतून मुक्त होतो अशी श्रद्धा आहे. नदीकाठ उंच आणि चिखलाचा असल्यामुळे बायकामुले घसरून पडत. हा चिंध्यांतला माणूस कुदळ-फावडे घेऊन पायऱ्या खणू लागला, म्हाताऱ्यांना हात देऊ लागला. लोक आधी पाहत राहिले, नंतर एकेक जण हाताला लागला. पुढे तेथे पक्का घाट झाला, यात्रेकरूंसाठी सोय झाली, आंधळ्या-पांगळ्यांना अन्न मिळू लागले. ह्याच यात्रेत सखुबाईला आपला मुलगा पुन्हा दिसला. ती त्याला घरी घेऊन जावयास आली होती. तो काही परतला नाही. सावकाराच्या कर्जाने ज्याच्या मामाचे शेत गेले, त्याने ऋण फेडणाऱ्या तीर्थावर जाऊन देवाची पूजा न करता पायऱ्या खणाव्यात, ह्यात विनोद आहे की वैराग्य, हे सांगणे अवघड आहे.

ह्यानंतरच्या कार्याची जंत्री फार मोठी आहे आणि ती आपल्या वाचकांस बव्हंशी ठाऊक आहे. पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळेचे काम १९१७ मध्ये उभे राहिले. ज्यांना देवळाच्या पायरीशीही उभे राहू देत नसत, त्या अस्पृश्य वारकऱ्यांना ह्यामुळे पंढरीत हक्काचे छप्पर मिळाले. मुर्तिजापूरची धर्मशाळा व गोरक्षण, नाशिकची धर्मशाळा, आळंदी-देहूच्या सोयी, आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या गरिबांच्या नातलगांसाठी १९५४ मध्ये झालेली धर्मशाळा. देणगीदारांचे पैसे येत, इमारत उभी राही, विश्वस्त नेमले जात, आणि महाराज स्वतः त्या इमारतीच्या बाहेर, झाडाखाली वा ओसरीवर निजत. आपल्या कुटुंबातील कोणासही ह्या संस्थांवर हक्क राहू नये, ह्याबद्दल त्यांचा कटाक्ष होता. कुंताबाई आणि मुलांनी ते सोसले, ही गोष्ट चरित्रकार एका ओळीत आटोपतात. ती एका ओळीची नाही.

१९२३ मध्ये मुलगा गोविंदा पिसाळलेला कुत्रा चावून वारला. ही बातमी आली तेव्हा महाराज कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. ह्या गोष्टीचे आपल्याकडे फार कौतुक होते आणि ते साहजिकही आहे. परंतु प्रस्तुत लेखकाला ह्या ठिकाणी कौतुकापेक्षा कुंताबाईंचीच आठवण अधिक होते. त्या वेळी वऱ्हाडात, त्या घरी, कोण होते?

महाराजांच्या कीर्तनाविषयी लिहावे तर छायाचित्र येथे अगदीच अपुरे पडते. ते उभे असलेले, हात वर केलेले, तोंड उघडलेले दिसतात. समोर सतरंजीवर माणसे दाटलेली दिसतात. परंतु त्या तोंडातून काय येत होते, हे कागदावर उमटत नाही. गाणे फारसे नसे, संस्कृत तर नसेच. अस्सल वऱ्हाडी बोलीत समोरच्या माणसाला प्रश्न विचारावयाचा, त्याच्याच तोंडून उत्तर काढावयाचे आणि त्याच उत्तराने त्याला अडचणीत धरावयाचे, अशी ती रीत होती. देवाला बोकड लागतो काय, नवसाने पोर होते तर लग्न कशाला, अशा आशयाचे प्रश्न ऐकून लोक प्रथम हसत आणि मग गप्प होत. सुदैवाने त्यांचा आवाज सर्वस्वी नष्ट झालेला नाही. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्रे येथे पोलिसांच्या वस्तीत झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले, आणि ते आजही ऐकावयास मिळते. तेच त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ज्यांच्या घरी मुले आहेत त्यांनी तसबिरीखाली बसून ते एकदा ऐकवावे. थकलेल्या, आजारी माणसाचा तो आवाज आहे हे पहिल्या काही वाक्यांत कळते आणि पुढे विसरले जाते.

थोर पुरुषांचा सहवास महाराजांना लाभला. किंबहुना त्या पुरुषांना महाराजांचा लाभला असेही म्हणता येईल. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यावर त्यांचा अपार लोभ होता आणि १९५४ मध्ये कराड येथे रयत शिक्षण संस्थेचे जे महाविद्यालय निघाले, त्यास भाऊरावांनी सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव दिले. स्वतः अक्षरशत्रू राहिलेल्या माणसाचे नाव महाविद्यालयाला लागावे, ही घटना लहान नव्हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबद्दल त्यांना नितांत आदर होता. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज तर आपल्या अमरावती जिल्ह्यातलेच, वयाने तेहतीस वर्षांनी धाकटे. ह्या मंडळींसमवेत महाराजांची म्हणून जी चित्रे हल्ली हातोहात पसरतात, त्यांत खरी छायाचित्रे कोणती आणि मागाहून जुळवून काढलेली चित्रे कोणती, हे पारखून घेण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे. मोबाईलवर आलेली प्रत्येक छबी जुनी नसते.

त्यांना स्वतःला आपल्या प्रतिमेचे काय वाटत असे? पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यावर ते काठी उगारीत, गळ्यात हार पडू देत नसत, आपणास कोणी गुरू नाही आणि शिष्यही नाही असे सांगत. मरणोत्तर आपली मूर्ती, समाधी, मंदिर काही करू नये, जेथे देह पडेल तेथेच त्याची व्यवस्था करावी, ही त्यांची इच्छा प्रसिद्ध आहे. ती आपण कितपत पाळली? अमरावतीस त्यांची समाधी झाली. पुतळे तर गावोगाव झाले. १९७७ मध्ये देवकीनंदन गोपाला हा चित्रपट निघाला, त्यात डॉ. श्रीराम लागूंनी महाराजांची भूमिका इतकी तन्मयतेने केली की पुढच्या पिढीतील काहींच्या मनात महाराजांचा चेहरा म्हणजे तोच चेहरा होऊन बसला आहे. २० डिसेंबर १९९८ रोजी टपालखात्याने त्यांचे तिकीट काढले; इ. स. २००० मध्ये महाराष्ट्र शासनाने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छतेची मोहीम सुरू केली; १९८३ मध्ये स्थापन झालेले अमरावतीचे विद्यापीठ आज त्यांच्या नावाने ओळखले जाते. ह्यांपैकी मोहिमेला त्यांनी संमती दिली असती, विद्यापीठाला बहुधा दिली असती, आणि पुतळ्यांना खास दिली नसती. छायाचित्राचे काय? छायाचित्रापुढे कोणी बोकड कापीत नाही, एवढ्यावर त्यांनी ते चालवून घेतले असते, अशी आपली एक समजूत करून घ्यावी.

सखुबाईची छबी नाही म्हणून वर हळहळ व्यक्त केली. तीच हळहळ आपल्या नातवंडांनी आपल्याविषयी करावी काय? आपल्या घरांतून जुन्या ट्रंकांच्या तळाशी, लुगड्यांच्या घड्यांत, देव्हाऱ्यामागे कितीतरी छायाचित्रे पडून आहेत. यात्रेतील फिरत्या छायाचित्रकाराने रंगविलेल्या पडद्यापुढे काढलेला आजोबांचा फोटो. मागे राजवाडा आणि अंगात कोणाचा तरी उसना कोट. कोठे आजीचा एकुलता एक फोटो, तोही ती गेल्यावर उशीला टेकवून बसवून काढलेला, कारण जिवंतपणी कोणी तिचा काढलाच नव्हता. कोठे नदीकाठी भट्टीशेजारी उभी असलेली चार माणसे. ऋणमोचनच्या यात्रेचे, महाराजांच्या एखाद्या कीर्तनाचे, त्यांच्यासह झाडू धरलेल्या गावकऱ्यांचे छायाचित्रही कोणाच्या घरी निघणे अशक्य नाही. वऱ्हाडचा उन्हाळा त्यांना ठिसूळ करतो, पावसाळा बुरशी आणतो, आणि उरलेले वाळवी पाहते. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये. फाटलेल्यास चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक पुढे कागद खातो. ओल्या फडक्याने पुसू नये. कोरड्या स्वच्छ सुती कापडात, भिंतीच्या ओलीपासून दूर ठेवावे, आणि उजेडात धरून एक प्रत काढून ठेवावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागे नावे लिहावीत, शाईने नव्हे तर मऊ शिसपेनने, हलक्या हाताने. आपले पूर्वज निरक्षर होते, तरी गावातील साऱ्या घरांचे कपडे एका भट्टीत घालून प्रत्येकाचा कपडा त्याच्या त्याच्या घरी बिनचूक पोचवीत. कपड्याच्या कोपऱ्यात बिब्याची बारीकशी खूण असे, ती कितीही धुतली तरी जात नसे. कोणाची खूण कोणती, हे परटिणीला तोंडपाठ असे. दुसऱ्यांच्या धोतराला खूण करणाऱ्यांनी आपल्या आजीच्या फोटोला खूण करू नये, हे काही बरे नव्हे. ज्या वृद्धांना चेहरे ओळखता येतात ते आहेत तोवर हे काम झाले पाहिजे. अशी छायाचित्रे मिळाली, तर त्यांच्या प्रती पुढील स्मरणिकेत नावांसह छापण्यास ह्या पानांत जागा राहील.

महाराजांच्या अखेरीविषयी आता थोडके सांगावयाचे राहिले आहे. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या संस्थांचा कारभार एकत्र चालविण्यासाठी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली, आणि तेथून पुढे त्यांनी स्वतःस हळूहळू मोकळे करून घेतले. मधुमेहाने शरीर पोखरले होते. तरी हिंडणे थांबले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीस बाबासाहेब गेले. ती वार्ता महाराजांच्या मनाला फार लागली. प्रकृती ढासळत गेली, आणि त्यांना मोटारीने अमरावतीकडे आणीत असता, २० डिसेंबर १९५६ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर त्यांचा देह विसावला. वय ऐंशी वर्षांचे होते. शेंडगाव आणि दापुरे, दोन्ही गावे त्या पुलापासून एका दिवसाच्या पायी मजलीच्या आसपास होती. त्या मध्यरात्री तेथे कोणी छायाचित्रकार नव्हता. मोटारीत चार माणसे होती, खाली नदी होती, आणि पूर्वेला अमरावतीचे दिवे होते.